आजाऱ्यांच्या यादीत एक आचारी

त्या दिवसांत माझं आणि मरियामातेचं बोलणं जवळजवळ बंद होतं. भांडण असं झालं नव्हतं. पण मनात काहीतरी धरून बसलेले दोन शेजारी जिन्यात समोरासमोर आले, की कसे एकमेकांना न पाहिल्यासारखं करून जातात, तसा मी आमच्या बैठकीतल्या तिच्या तसबिरीसमोरून जायचो. मी तिच्याकडे एक गोष्ट मागितली होती आणि ती देत नव्हती. गंमत अशी, की मी जे मागत होतो ते दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती, अगदी बायकोलासुद्धा. मला माझा डावा पाय हवा होता.

मी आचारी आहे. नाशिकरोडला राहतो, बाप्तिस्म्यापासून सत्यनारायणापर्यंत कुणाच्याही घरचं जेवण रांधतो आणि रांधता रांधता बोलतो. माझं तोंड बंद असेल तर मी एकतर झोपलेलो असतो किंवा भाजीचं मीठ बघत असतो. रक्तातली साखर आठ वर्षांपासून आहे. गोळ्या घेतो आणि गोळी घेतली म्हणून जिलेबीही घेतो. गेल्या थंडीत पंचवटीत एका लग्नाचं काम होतं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत भट्टीसमोर उभा. घरी येऊन डावा बूट काढला, तर आतून एक कच्चा हरभरा टणकन फरशीवर पडला. मला आधी हसू आलं. उसळीतून निसटलेला एक वऱ्हाडी माझ्या घरापर्यंत आला, असं काहीतरी मनात आलं. मग ते हसू तोंडातच राहिलं. दिवसभर मी त्या दाण्यावर उभा होतो, चाललो होतो, हा एवढा माझा देह त्याच्यावर तोलला होता आणि माझ्या पायाला त्याची खबरच नव्हती. करंगळीच्या खाली, तळव्याला, फोड आला होता. दुखत नव्हता. दुखत नव्हता हीच तर सगळी भानगड होती.

कुणीही शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता. मी गेलो नाही, कारण माझे वडील गेले होते. तेही आचारीच, त्यांनाही साखर, आणि त्यांनाही अशीच टाचेला एक न दुखणारी जखम झाली होती. आपल्या पायांनी चालत ते दवाखान्यात गेले आणि परत आले ते एक पाय गुडघ्याच्या खाली नसलेले. पुढची वर्षं त्यांनी पलंगावर बसून कांदे चिरण्यात काढली. मी तेव्हा कॉलेजात होतो. जखम त्यांनी किती दिवस लपवली होती, हे मी सोयीस्कर विसरलो आणि एवढंच लक्षात ठेवलं, की दवाखाना म्हणजे पाय जाण्याची जागा.

मग सुरू झालं माझं नाटक. मी घरातही मोजे घालून फिरू लागलो. झोपताना मोजे, न्हाणीघराच्या दारापर्यंत मोजे. आंघोळीनंतर आत उभ्याउभ्याच हळद भरायची, पट्टी गुंडाळायची, वर नवा मोजा. माझी बायको मार्था म्हणायची, "साहेब झालात की! आता टाय बांधून झोपा." फोड फुटून जखम झाली, जखमेला वास येऊ लागला, तेव्हा मी मोज्यावर अत्तर लावायला लागलो. भारीतलं, गुलाबाचं. मार्थाने दोन दिवस नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "अहो, पंचवीस वर्षांत लसणाशिवाय दुसरा वास नाही आला तुमच्या अंगाला. आता हे गुलाब कुणासाठी?" मी डोळे मिचकावून म्हणालो, "तुझ्याचसाठी." ती हसली नाही. मला तेव्हा तिला खरं सांगता आलं असतं. पण तिने माझ्यावर भलताच संशय घ्यावा, हे मला पाय दाखवण्यापेक्षा सोपं वाटलं. यावरून माणूस घाबरला की किती मूर्ख होतो, ते कळावं.

मरियामातेशी मात्र मी व्यवहाराने बोललो होतो. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधे एका टेकाडावर तिचं एक छोटंसं मंदिर आहे. वर्षातून एकदा तिथे आजाऱ्यांचा दिवस असतो. गावोगावची दुखणेकरी माणसं येतात. ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, मुसलमान येतात, आणि स्वयंसेवक त्यांना गाडीतून उतरवण्यापासून परत गाडीत बसवण्यापर्यंत सगळं करतात. मी मातेला म्हटलं, "तू माझा पाय बघ, मी तुझी भट्टी बघतो. त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक माझा." आणि रोज मोजा काढून बघायचो, सौदा तिला पटलाय का. जखम रोज थोडी मोठी व्हायची. मला वाटू लागलं, की ती ऐकत नाही, किंवा ऐकणारं तिथे कोणी नाहीच. पण शब्द दिला होता, म्हणून एका दुपारी मी मंदिराच्या नंबरवर फोन लावला. तिकडे एक सिस्टर होत्या, आवाज अगदी कोवळा, आणि फोनला खरखर.

"नाव लिहून घ्या सिस्टर. मी आचारी आहे."

"बरं बरं. किती वर्षांपासून?"

"पंचवीस तर झालीच."

"अरे देवा! आणि सुरुवात कशी झाली?"

"सुरुवात कसली, वडिलांपासूनच आहे. आमच्या रक्तातच आहे म्हणा ना."

"फार त्रास होतो का हो?"

मला प्रश्न जरा विचित्र वाटला, पण धर्मभगिनी आहेत, काळजीने विचारत असतील. "सुरुवातीला व्हायचा," मी म्हटलं, "आता सवय झाली. तुमच्याकडे उचलायला माणसं आहेत ना? वजन बरंच असतं." मला अर्थातच पातेली म्हणायची होती.

"आहेत, आहेत. चौघं जण असतात. तुम्ही अजिबात संकोच करू नका. सोबत घरचं कोणी?"

"नाही, एकटाच येतो."

"प्रभू तुमच्याबरोबर आहे," सिस्टर भरल्या गळ्याने म्हणाल्या आणि फोन ठेवला. एका आचाऱ्यासाठी एवढा गळा भरून यावा, याचं मला कौतुक वाटलं.

आजाऱ्यांच्या दिवशी सकाळी मी माझा झारा आणि मोठं उलथणं पिशवीत घालून, मोज्यावर दुप्पट अत्तर शिंपडून टेकाडाच्या पायथ्याशी उतरलो. द्राक्षांची तोडणी चालू होती. फाटकाशी निळ्या फिती लावलेले स्वयंसेवक उभे होते आणि त्यांच्या पुढे, हातात यादी घेऊन, स्टेलाबाई. या निवृत्त शिक्षिका. आवाज असा, की मी चाळीस वर्षं मागे जाऊन बाकावर सरळ बसलो. मी नाव सांगितलं. त्यांनी यादीवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"या, या. चहा घेतलात का?" (नंतर कळलं, हा तिथला नियम आहे. आलेल्या आजाऱ्याला पहिला प्रश्न दुखण्याचा कधीच विचारायचा नाही, चहाचा विचारायचा.) आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या मनगटावर पिवळी फीत बांधली गेली आणि गुडघ्यांमागे एक चाकाची खुर्ची येऊन टेकली.

"बाई, घोटाळा होतोय. मी आचारी आहे."

"हो ना, आहात ना. लिहिलंय इथे."

"आजारी नाही हो! आचारी! च, च, चमच्याचा च!"

"हे बघा," स्टेलाबाई वाकून माझ्या उंचीला आल्या. खुर्चीतल्या माणसाशी उभं राहून बोलायचं नाही, हा तिथला दुसरा नियम. "दरवर्षी दहा जण तरी म्हणतात, मला काही झालं नाही. लाजायचं काय त्यात? पंचवीस वर्षं सोसलंत तुम्ही. आनुवंशिक आहे. सोबत कोणी नाही. वजनामुळे चार माणसं लागतील. सिस्टरनी सगळं लिहून ठेवलंय." मी हतबुद्ध होऊन झारा बाहेर काढला, पुरावा म्हणून. त्यांनी तो हळूच माझ्या हातातून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून विळा घेतात. "आणि फाटकापर्यंत लंगडत आलात, ते बघितलं मी."

लंगडत मी खरोखरच आलो होतो.

आता खरं सांगतो, पुढचा अर्धा तास मी मजा केली. चार जणांनी मला खुर्चीसकट पायऱ्यांवरून वर नेलं. मी दोन्ही बाजूंना हात हलवत होतो, निवडून आल्यासारखा. म्हटलं, वर गेल्यावर फादरना गाठू, खुलासा करू, लगेच भट्टीवर जाऊ. माझ्या शेजारच्या खुर्चीत सटाण्याकडची एक सुरकुतलेली आजी होती. तिने विचारलं, "तुला काय झालं रे बाळा?" मी म्हटलं, "आजी, मी आचारी आहे." तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आम्ही बी आजारीच हाय, बाळा. सगळे तेच." तिथे मी हरलो आणि बसून राहिलो. बसल्यामुळे दिसू लागलं. भट्टीसमोर उभ्या माणसाला कधी दिसत नाही ते सगळं. एक बाई आपल्या लकवा झालेल्या नवऱ्याला सावलीत सरकवत होती आणि ऊन सरकलं की पुन्हा सरकवत होती. एक स्वयंसेवक एका म्हाताऱ्याचं तीच तीच गोष्ट सांगणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकत होता. कुणी कुणाची कीव करत नव्हतं. आणि मी विचार करत होतो, की ही माणसं आपलं दुखणं असं उघड्यावर घेऊन कशी येतात? यांना लाज कशी वाटत नाही? मग माझी खुर्ची वळली आणि पुढे काय आहे ते मला दिसलं.

मंडपात एक लांब बाक होतं. बाकासमोर घमेली, कोमट पाण्याच्या बादल्या, स्वच्छ पंचे. मिस्सा, म्हणजे त्या दिवसाची मुख्य उपासना, सुरू होण्याआधी प्रत्येक आजाऱ्याचे पाय धुतले जातात, ही तिथली रीत. मला माहीत नव्हती. मी नेहमी भट्टीच्या बाजूचा माणूस.

मी खुर्चीतून उठायला गेलो, तर समोर एक म्हातारा बैठक मारून बसलेला. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, मनगटावर निळी फीत. त्याने बादलीत आधी कोपर बुडवलं, मग थोडं गार पाणी ओतलं. "कोपरानं बघावं लागतं," तो सहज म्हणाला. "इथं येणाऱ्या कितीक जणांना पाणी भाजतंय ते समजतच नाय. लाव उजवा पाय." हे रज्जाकचाचा. नांदगावचे. सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढलेली, जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात.

वडिलांच्या वयाच्या माणसाने माझे पाय धरायचे! मी म्हटलं, "चाचा, पाप लागेल मला. तुम्ही वडिलांसारखे."

"मग वडिलांचं ऐक. उजवा."

उजवा दिला. त्यांनी तो धुतला, बोटांच्या बेचक्यांतून पुसला, पंच्यावर ठेवला. "आता डावा."

"एकच पुरे चाचा."

"पाय काय एकेकटे येतात का? जोडीनंच येतात ना."

"डावा घरून धुऊन आलोय."

त्यांनी मान वर केली नाही. डाव्या मोज्यावर हात ठेवला आणि एक मोठा श्वास घेतला. "अत्तर बढिया आहे. कुठून घेतो?"

मी, ज्याने आयुष्यात एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडलं नाही, तो गप्प बसलो. चाचांनी मोजा खाली ओढायला घेतला, इतका हळू, की मला पाय मागे घ्यायला भरपूर वेळ होता. मी घेतला नाही. का घेतला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मोजा निघाला, पट्टी निघाली. करंगळी काळपट झाली होती. ते मी चार दिवस बघत होतो आणि बघितलं नाही असं स्वतःला सांगत होतो. चाचांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी पाणी ओतलं. आधी उजव्यावर जसं ओतलं होतं, अगदी तसंच.

"केव्हापासून?"

"दीड महिना."

"घरात ठाऊक आहे?"

"नाही."

"लय काय काय दडवलंस रे आतमधी," ते जखमेकडे बघत म्हणाले, आणि मला रडू फुटलं. एवढं मोठं माणूस, बाकावर बसून, मोठ्याने. वडिलांचं सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "पाय जाईल?"

"मी डॉक्टर नाय. पण बघितलेत बरेच. आज गेलास तर बोटाचं बोलतील. दोन आठवड्यांनी गेलास, तर पायाचं बोलतील."

"आजचा स्वयंपाक उरकतो आणि संध्याकाळी..."

चाचांनी पाय सोडला नाही, फक्त मान वळवून हाक मारली, "स्टेलाबाई! हा पेशंट पळणार बघा!" स्टेलाबाई आल्या, पाय बघितला, आणि मी खाली मान घालून म्हणालो, "बाई, यादी बरोबर होती." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीची व्यवस्था करायला गेल्या. गाडी येईपर्यंत मी चाचांना विचारलं, ते इथे कसे. म्हणाले, त्यांच्या बायकोला शेवटच्या वर्षी शेजाऱ्यांनी इथे आणलं होतं. ती बरी झाली नाही. "पण इथल्या लोकांनी तिला उचलून वर नेलं ना, तर म्हणे, लग्नातसुद्धा तुम्ही मला असं नेलं नव्हतं. लय हसली. तेव्हापासून येतो." मग त्यांनी माझ्या पायाला स्वच्छ पट्टी बांधली, इतकी सुबक, की दवाखान्यात ती सोडताना नर्सने विचारलं, कुणी बांधली.

गाडीतून मार्थाला फोन केला. न थांबता सगळं सांगून टाकलं, हरभऱ्यापासून. मग ती म्हणाली, "म्हणजे ते गुलाब पायाला होतं?"

"हो."

"देवा रे," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता मला अशा काही शिव्या दिल्या, की ड्रायव्हरनेही गाडी हळू केली. तिने मंदिराची नाही, दवाखान्याचीच वाट धरली आणि माझ्या आधी तिथे पोहोचून दारात उभी राहिली.

करंगळी गेली. बाकी पाय राहिला. डॉक्टर आणखी काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याच्या तळव्याला मुंग्या येतील. दीड-दोन महिने पाय उशीवर ठेवून पडलो होतो. त्या दिवशी टेकाडावर खिचडी सिस्टरांनी केली आणि ती चांगलीच करपली, असं कळलं. कोणी कुरकुर केली नाही, पण माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही बातमी मला मनापासून आवडली. फोनवरच्या त्या कोवळ्या आवाजाच्या सिस्टर मला भेटायला आल्या. "माझ्या कानांची चूक झाली," असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, माफी मागत होत्या. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, सिस्टर, तुमचे कान असेच राहू द्या.

याला चमत्कार म्हणावं का, असं लोक विचारतात. मला त्या वादात पडायचं नाही. फोनला खरखर होती, च चा ज झाला, एवढंच घडलं. मी सौदा करायला गेलो होतो. देणारा म्हणून, हातात झारा घेऊन, उभा राहून. मातेने सौद्याकडे लक्षच दिलं नाही. तिने मला बसवलं. पंचवीस वर्षं मी लोकांना वाढत आलो, आणि माझ्या हे कधी ध्यानात आलं नाही, की वाढणाऱ्याला आपली भूक लपवायला फार सोपं जातं. आता मी तिच्या तसबिरीसमोर उभा राहतो तेव्हा काही मागत नाही असं नाही. मागतो, बरंच मागतो, स्वभाव कुठे जाणार. पण बदल्यात काही देऊ करत नाही. जे आहे ते दाखवतो आणि गप्प बसतो. मला ओळखणाऱ्यांना कळेल, यातला दुसरा भाग किती अवघड आहे.

आणि रोज संध्याकाळी मी मार्थाला पाय दाखवतो. ती खाली स्टुलावर बसते, चष्मा लावते, मोबाइलची बत्ती लावते, आणि माझी नऊ बोटं एकेक करून तपासते. पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी विनोद करायचो, पाय झटकायचो. ती म्हणायची, "तोंड चालू राहू द्या, पाय हलवू नका."

मागच्या आठवड्यात तिचं बोट एका जागी थांबलं. अंगठ्याच्या बाजूला काहीतरी लाल दिसलं होतं. तिने बत्ती जवळ आणली, पुन्हा बघितलं. तिचा श्वास बदललेला मला ऐकू आला, आणि माझ्या छातीत तीच जुनी भीती उठली, पाय ओढून घे, मोजा चढव, काहीतरी गमतीचं बोल. मी काही बोललो नाही. सकाळी डॉक्टरांनी बघून सांगितलं, की चपलेचा पट्टा घासला आहे, चप्पल बदला, बस. पण त्या संध्याकाळी आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. तिने वर माझ्याकडे बघितलं. मी पाय तसाच तिच्या मांडीवर राहू दिला.